वेदीवरून भिंतीवर

मिलानच्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात २०१३ साली एक चित्र किती उंचीवर लावावं यावरून मोठा वाद झाला. चित्र आंद्रेआ मान्तेन्याचं ‘मृत ख्रिस्त’. आकारानं लहानच, ६८ सेंटिमीटर उंच आणि ८१ रुंद. शिळेवर देह ठेवलेला आहे, पावलं आपल्याकडे. आधी तळव्यांवरच्या जखमा दिसतात, मग छाती, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. मांडणीचं काम चित्रपट-दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी यांच्याकडे दिलं होतं. त्यांनी चौकट काढून टाकली, खोलीत अंधार केला आणि चित्र गुडघ्यांच्या थोडं वर येईल इतकं खाली आणलं. मृतदेहापुढे माणसाची मान आपसूक खाली जाते, तशी इथंही जावी असा हिशेब. इतिहासकारांना हा नाटकीपणा रुचला नाही, आणि काही वर्षांत ती मांडणी गेलीही.

ओल्मींचं उत्तर मला पटत नाही, पण त्यांचा प्रश्न पटतो. प्रबोधनकाळातलं जवळजवळ कुठलंच चित्र संग्रहालयासाठी काढलेलं नाही. कुणी ते वेदीवर ठेवायला करून घेतलं, कुणी निजायच्या खोलीत लावायला, कुणी मिरवणुकीत पुढे धरायला, तर कुणी मुलीच्या लग्नात द्यायच्या पेटाऱ्यावर बसवायला. तिथून ते निघालं तेव्हा त्याची ठरलेली उंची गेली, उजेड गेला, शेजार गेला आणि पाहणाऱ्याचं त्याच्याशी असलेलं कामही गेलं. प्रदर्शनाची आखणी करणारा माणूस यातलं काय परत देता येईल आणि कशावर पाणी सोडायचं याचा निवाडा करत असतो. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हा निवाडा अनेकदा फिरला. प्रत्येक पिढीला आपली मांडणी ‘नैसर्गिक’ वाटली, हे त्यातलं गमतीचं.

काय गेलं याचा अंदाज यायला मासाच्चोचं एक उदाहरण पुरेसं आहे. १४२६ साली त्यानं पिसाच्या एका चर्चसाठी अनेक खणांचं वेदीचित्र रंगवलं. पुढे त्याचे तुकडे झाले आणि आज ते लंडन, बर्लिन, नेपल्स, पिसा आणि लॉस एंजेलिस इथं विखुरलेले आहेत. नेपल्सच्या तुकड्यात क्रूसावरचा ख्रिस्त आहे. समोरासमोर पाहिलं तर त्याला मानच नाही असं वाटतं, डोकं थेट छातीत रुतलेलं. मासाच्चोसारख्या माणसाचा हात इथं चुकला कसा, असं कोड्यात पडायला होतं. उत्तर सोपं आहे. हा तुकडा सगळ्या रचनेच्या माथ्यावर होता आणि तो खालून पाहायचा होता. खालून पाहिलं की पुढे झुकलेलं डोकं मान झाकतं. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवायचा रिवाज आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांना तो सोयीचा, पण या चित्राचं गणित त्यानं कोलमडतं.

व्हेनिसच्या सान जोब्बे चर्चमध्ये तर याहून विचित्र प्रकार आहे. जोव्हान्नी बेल्लिनीच्या वेदीचित्राची कोरीव दगडी चौकट अजून तिथल्या भिंतीत उभी आहे, चित्र मात्र शहराच्या दुसऱ्या भागात, अकादेमियाच्या दालनात. चित्रातले खांब चौकटीच्या खांबांना जोडून रंगवलेले होते, खरा दगड कुठं संपला आणि रंगवलेला कुठं सुरू झाला हे कळू नये म्हणून. दालनात ते चित्र भव्य दिसतं, पण खांब आता कशालाच जोडलेले नाहीत. परतीचा प्रवास क्वचितच घडतो. टिशियनचं ‘मेरीचं स्वर्गारोहण’ एकोणिसाव्या शतकात चर्चमधून अकादेमियात नेलं गेलं आणि १९१९ मध्ये फ्रारी चर्चमधल्या आपल्या वेदीवर परतलं. जवळजवळ सात मीटर उंचीचं ते चित्र तिथल्या उंच खिडक्यांच्या उजेडात पाहिलं की टिशियननं एवढे भडक लाल का वापरले हे समजतं. लांबलचक मंडपाच्या पार टोकावरून, समोरून येणाऱ्या उजेडाशी झगडत, ते लाल दिसायला हवे होते.

या चित्रांची मोठी प्रदर्शनं भरवण्याचा आधुनिक इतिहास मँचेस्टरपासून मोजायला हरकत नाही. १८५७ मध्ये तिथं ‘आर्ट ट्रेझर्स’ प्रदर्शन भरलं आणि तेरा लाखांवर लोकांनी ते पाहिलं. जुन्या चित्रांची मांडणी जॉर्ज शार्फ यांची होती. एका भिंतीवर इटालियन, समोरच्या भिंतीवर उत्तर युरोपातले, दोन्हीकडे काळाच्या क्रमानं. दोन्ही भिंतींमधून चालत गेलं की दोन परंपरा एकमेकींच्या बरोबरीनं पुढे सरकताना दिसाव्यात. (त्याच वर्षी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला पुढे युरोपीय कला आली ती मुख्यतः प्लास्टरच्या साच्यांतून.) काळक्रमाची ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी ठरवलेली आहे हेच आपण विसरतो. तिच्यात प्रत्येक चित्र पुढच्या चित्राची पायरी बनतं. शाळेच्या सहलीसाठी ठीक. पण सिएनाच्या बाईनं ज्या मेरीपुढे मूल जगावं म्हणून मेणबत्ती लावली, ती मेरी ‘मायकेलअँजेलोपूर्वीचा टप्पा’ नव्हती.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन बोडं यांनी १९०४ साली उघडलेल्या संग्रहालयात याला उत्तर शोधलं. चित्रांबरोबर त्याच काळातली शिल्पं, पेटारे, दारं, गालिचे एकाच खोलीत, आणि मधोमध फ्लॉरेन्सच्या एका चर्चच्या धर्तीवर बांधलेला दालनमंडप, त्याच्या कोनाड्यांत वेदीचित्रं. बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर बाईंनी १९०३ मध्ये आपल्या घरवजा संग्रहालयात हेच आणखी मनस्वीपणे केलं. टिशियनच्या ‘युरोपा’खाली त्यांनी आपल्याच एका पोशाखाचं रेशीम लावलं, आणि मृत्युपत्रात बजावून ठेवलं की मांडणीत काहीही हलवायचं नाही. अशा दालनांना ‘खोटं वातावरण’ म्हणून हिणवायची पद्धत पुढे पडली. तरी बोडं यांची एक गोष्ट आजचे आखणीकार गुपचूप उचलतात. एका चित्राला समकालीन शेजार दिला की पाटीवरची चार वाक्यं वाचतात.

१९३० चं लंडनचं इटालियन कलेचं प्रदर्शन वेगळ्या कारणासाठी लक्षात राहतं. मुसोलिनीनं आपल्या राजवटीची शोभा वाढावी म्हणून बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनसचा जन्म’, जोर्जोनेचं ‘वादळ’ यांसारखी चित्रं एकाच जहाजातून धाडली. जहाजाचं नाव ‘लिओनार्दो दा विन्ची’, आणि वाटेत त्याला खरोखरच वादळानं गाठलं. सगळं सुखरूप पोहोचलं म्हणून आज हा किस्सा सांगता येतो. इतिहासकार फ्रान्सिस हॅस्केल यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात अशा फिरत्या प्रदर्शनांच्या मोहावर कडाडून टीका केली, आणि तिच्या केंद्रस्थानी हेच जहाज आहे.

आखणीच्या दृष्टीनं खरा कस लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, इटलीत. बाँबहल्ल्यांत संग्रहालयं मोडली होती, पैसा नव्हता, आणि फॅसिस्ट काळातल्या थाटामाटाचा वीट आला होता. जेनोआच्या पालाझ्झो बियांकोमध्ये फ्रांको आल्बिनी यांनी १९५० च्या सुमारास नंतरच्या शतकांत चढवलेल्या सोनेरी चौकटी काढून टाकल्या आणि चित्रं बारीक लोखंडी आधारांवर उभी केली. कार्लो स्कार्पा त्याहून पुढे गेले. पालेर्मोचं आबातेल्लिस आणि वेरोनाचं कास्तेलवेक्किओ ही त्यांची दोन संग्रहालयं मी या विषयातली पाठ्यपुस्तकं मानतो. स्कार्पा चित्राला भिंतीपासून सोडवत. इझेलसारख्या आधारावर, खिडकीच्या उजेडाला तिरपं, असं ते खोलीत उभं राही. पाहणाऱ्याला त्याच्याभोवती फिरता येई, फळीची मागची बाजू दिसे. चित्र ही एक जड, लाकडी, हातांनी उचलून आणलेली वस्तू आहे, हे भिंतीवर टांगल्यावर जे विसरायला होतं, ते इथं डोळ्यांसमोर राहतं. पालेर्मोत अंतोनेल्लो दा मेस्सिनाची निळी ओढणी घेतलेली मेरी आहे, उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर. एवढ्याशा चित्रासाठी त्यांनी आजूबाजूची जागा मोकळी ठेवली. मोकळी जागा हेच त्यांचं मुख्य साहित्य होतं, आणि तिचा खर्च शून्य, असं म्हणायचा मोह होतो. पण ती मिळवायला बाकीची चित्रं कोठारात पाठवावी लागतात, आणि ते कुठल्याही संचालकाला जड जातं.

त्याच दशकात स्कार्पा, मिकेलुच्ची आणि गार्देल्ला या तिघांनी उफ्फिझीची पहिली दालनं नव्यानं आखली. चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या तीन प्रचंड मेरी एकाच खोलीत, वर उघड्या लाकडी कैच्यांचं छत. चर्चची नक्कल नाही, पण चर्चची उंची आणि शांतता आहे. मला ही तडजोड आजही सर्वांत सुसंस्कृत वाटते.

ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या लीना बो बार्दी यांनी १९६८ मध्ये साओ पाउलोच्या संग्रहालयात भिंतीच काढून टाकल्या. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेली काच, काचेवर चित्र, माहिती पाठीमागे. राफाएल, मान्तेन्या सगळे एका प्रचंड दालनात हवेत तरंगतायत, क्रम नाही, वाट ठरलेली नाही. १९९६ मध्ये हे सगळं मोडीत काढलं आणि २०१५ मध्ये परत आणलं. लोकशाही वृत्तीचं म्हणून त्याचं कौतुक होतं. मला मात्र तिथल्या वेदीचित्रांच्या तुकड्यांची दया येते. आधीच घर गेलेलं, आता भिंतही गेली. याच्या अगदी उलट लंडनच्या नॅशनल गॅलरीचा १९९१ चा सेन्सबरी विभाग. रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी ब्रुनेल्लेस्कीच्या चर्चमध्ये असतो तशा करड्या दगडाच्या कमानी एकीमागे एक रचल्या. दुरूनच नजर शेवटच्या चित्रावर जाऊन ठरते. दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

तात्पुरत्या प्रदर्शनाला मात्र कायमच्या दालनापेक्षा एक मोठं काम करता येतं. तुटलेलं पुन्हा एकत्र आणणं. दुच्चोनं सिएनाच्या कॅथीड्रलसाठी केलेलं ‘माएस्ता’ हे दोन्ही बाजूंनी रंगवलेलं वेदीचित्र १३११ मध्ये गावानं मिरवत नेलं, आणि १७७१ मध्ये ते करवतीनं कापलं गेलं. बरेच छोटे तुकडे विकले गेले. २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि २०२५ मध्ये लंडनला भरलेल्या सिएनाच्या प्रदर्शनात मागच्या बाजूच्या पायथ्याचे तुकडे सुमारे अडीचशे वर्षांनी पुन्हा एका ओळीत आले. काटेकोर बोलायचं तर त्या प्रदर्शनाचा काळ, १३०० ते १३५०, ही प्रबोधनकाळाची पहाट, पण आखणीचे प्रश्न तेच. पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या ऑगस्टिनियन वेदीचित्राचे उरलेले आठ तुकडे २०२४ मध्ये मिलानच्या पोल्दी पेत्सोली संग्रहालयात जमवले, तेही याच जातीचं काम. इथं आखणीकाराला गेलेल्या तुकड्यांची रिकामी जागा ठेवायची की नाही हे ठरवावं लागतं. ठेवावी. तुकडे चिकटून लावले की ते नवंच, खोटं चित्र होतं.

जोडीनं दाखवण्याचं बळ सर्वांत स्वच्छ दिसलं ते ‘मान्तेन्या आणि बेल्लिनी’ या २०१८-१९ च्या प्रदर्शनात, लंडन आणि बर्लिनमध्ये. दोघे मेहुणे. मान्तेन्यानं ‘मंदिरात अर्पण’ रंगवलं, आणि पुढे बेल्लिनीनं तीच आकृतिरचना गिरवून घेऊन आपलं चित्र केलं. दोन माणसं वाढवली, डोक्यामागच्या प्रभावळी काढून टाकल्या. दोन्ही शेजारी लावली की व्याख्यान लागत नाही. नजर इकडून तिकडे जाते आणि मेहुण्यांतला आदर, चुरस, स्वभावातला फरक सगळं त्या चार पावलांत कळतं. अशी जोडी हे माझ्या मते प्रदर्शनाचं सर्वांत मोलाचं समर्थन आहे, कारण ती जोडी दुसऱ्या कुठल्याही मार्गानं पाहता येत नाही, छापील पुस्तकातही नाही.

उजेडाचा प्रश्न बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकतात, खरं तर तो निम्मा विषय आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातली इटालियन चित्रं बहुधा पॉप्लर लाकडाच्या फळीवर, पांढऱ्या लेपावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी केलेली असतात, आणि मागे सोन्याचा वर्ख. वर्ख घोटून गुळगुळीत केलेला आणि त्यावर बारीक ठसे मारलेले. समोरून सारखा, पांढरा उजेड टाकला की सोनं मातकट पिवळं दिसतं. ते हलत्या ज्योतीसाठी केलेलं आहे. बाजूनं, खालून, थोडा उजेड पडला की ठसे लुकलुकतात. सिएनाच्या प्रदर्शनात गडद भिंती आणि नेमके झोत वापरून हे साधलं होतं. पण उजेड हवा तितका वाढवता येत नाही. फळीवरच्या आणि तैलचित्रांसाठी साधारण दीडशे ते दोनशे लक्स, कागदावरच्या रेखाटनांसाठी पन्नास. मेट्रोपॉलिटनमध्ये २०१७-१८ च्या मायकेलअँजेलो प्रदर्शनात १३३ रेखाटनं अशाच मंद उजेडात होती, आणि वर छताला सिस्टीन चॅपेलच्या छताची पाव आकाराची उजळलेली प्रतिकृती. सात लाखांवर लोक आले. ती प्रतिकृती मला अनावश्यक वाटली. डोळे मंद उजेडाला सरावत असतात तेवढ्यात ती त्यांना पुन्हा दिपवते.

दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि वरचा ताठ लेप त्याच्याबरोबर हलत नाही. मग रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून पूर्वी पन्नास टक्के आर्द्रतेचा जवळजवळ धर्मच पाळला जाई. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटानं तो सैल करून चाळीस ते साठ टक्के आणि सोळा ते पंचवीस अंश तापमान एवढी मुभा दिली, मुख्यतः वातानुकूलनाला लागणारी ऊर्जा आटोक्यात यावी म्हणून. नाजूक फळ्या याला अपवाद. त्यांना चौकटीतच बंदिस्त हवेची पेटी करतात.

आणि मग उसनवारी. मोठ्या प्रदर्शनाची चार-पाच वर्षांची तयारी भिंतीच्या रंगात जात नाही, पत्रव्यवहारात जाते. विमा, सरकारी हमी, सोबत येणारा रखवालदार, पेटी किती तास बंद ठेवून मग उघडायची. रोमच्या स्कुदेरिये या प्रदर्शनगृहात २०२० साली राफाएलच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरलं. उफ्फिझीनं त्याचं पोप दहाव्या लिओचं व्यक्तिचित्र पाठवायचं ठरवताच तिथल्या तज्ज्ञ समितीनं राजीनामे दिले. प्रदर्शन ५ मार्चला उघडलं आणि तीन दिवसांत कोविडनं बंद पडलं, जूनमध्ये पुन्हा सुरू झालं. त्याची आखणी मात्र धाडसी होती. सुरुवात राफाएलच्या समाधीच्या प्रतिकृतीपासून, आणि तिथून मागे मागे त्याच्या तारुण्याकडे. काळक्रम उलटवला की ‘पायरी’ची भाषा आपोआप बंद पडते.

गर्दीचं काय करावं याला मात्र अजून कुणाकडे चांगलं उत्तर नाही. लंडनमध्ये २०११ च्या लिओनार्दो प्रदर्शनात दर अर्ध्या तासाला १८० जणांनाच आत सोडलं, नियमानं २३० चालले असते. तिकिटं काळ्या बाजारात गेली. तिथं ‘खडकांतली मेरी’ची दोन्ही रूपं, पॅरिसचं आणि लंडनचं, एका दालनात समोरासमोर होती, आणि नेमकी त्यांच्यामध्येच गर्दी उभी असे. लूव्र संग्रहालयानं २०१९-२० च्या आपल्या लिओनार्दो प्रदर्शनाला आगाऊ नोंदणी सक्तीची केली तरी दहा लाखांवर लोक आले. मोना लिसा तिथं आणलीच नाही, ती आपल्या दालनात राहिली. तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं जवळजवळ दहा मीटर रुंद ‘काना गावातलं लग्न’ आहे. त्याच्याकडे पाठ करून माणसं मोबाइल उंचावतात. मिलानला ‘अंतिम भोजन’ पाहायला पंधरा मिनिटं मिळतात, मोजक्या माणसांना, हवा गाळणाऱ्या दारांतून. ऐकायला जाचक, पण तिथं लोक खरंच पाहतात. ब्रेराच्या जेम्स ब्रॅडबर्न यांनी संचालक असताना मोठ्या प्रदर्शनांऐवजी ‘संवाद’ सुरू केले. एक पाहुणं चित्र, आपलं एक चित्र. पहिला संवाद राफाएल आणि त्याच्या गुरूसमान पेरुजिनोच्या ‘मेरीच्या विवाहा’चा. मला वाटतं भविष्य इथं आहे.

गेल्या वीसेक वर्षांत कोण दिसतं आणि कोण नाही हाही आखणीचा भाग झाला. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयानं २०१२ मध्ये प्रबोधनकाळातल्या चित्रांतली आफ्रिकी माणसं हाच विषय घेतला. माद्रिदच्या प्रादोनं २०१९ मध्ये सोफोनिस्बा आंगुइस्सोला आणि लाव्हिनिया फोंताना या दोघी चित्रकर्तींना एकत्र आणलं. टिशियननं स्पेनच्या राजा फिलिपसाठी केलेली सहा चित्रं लंडन, माद्रिद आणि बॉस्टनला फिरली तेव्हा बॉस्टनमध्ये ‘युरोपा’च्या अपहरणातली हिंसा पाटीवर सौम्य शब्दांत झाकली नाही, आजच्या कलावंतांना तिला उत्तर द्यायला बोलावलं. पाटीनं चित्राचा न्याय करू नये असं मानणाऱ्यांपैकी मी आहे, तरी इथं ते शोभलं.

आपल्याकडे या काळाची फळीवरची चित्रं पावसाळ्यात आणणं मुंबईसाठी अवघडच. पण आपला दुवा फळीवर नव्हताच, कागदावर होता. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले, बरोबर अँटवर्पला छापलेलं अनेकभाषी बायबल आणि त्यातली कोरीव ठशांची चित्रं. पुढे वीस वर्षांनी मुघल दरबारातल्या तेरा वर्षांच्या अबुल हसननं ड्यूररच्या ठशावरून सेंट जॉनची आकृती उतरवली. ती आज ऑक्सफर्डच्या अश्मोलियन संग्रहालयात आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं गेल्या काही वर्षांत परदेशी संग्रहालयांबरोबर मोठी प्रदर्शनं केली आहेत. ड्यूररचा १५११ चा ठसा, अबुल हसनचं रेखाटन आणि गोव्यातली एखादी हस्तिदंती मूर्ती, एवढ्या तीन वस्तूंचं एका खोलीतलं प्रदर्शन इथं होऊ शकतं. पन्नास लक्स उजेड, बंद काचपेटी, बसायला बाक, आणि हिवाळ्यातले तीन महिने. कागद त्यापेक्षा जास्त काळ उजेडात ठेवू नये.